वेगवेगळ्या बॉडी एकाच पार्टमध्ये केल्या, पण पार्ट लिस्टमध्ये एकच ओळ येते. सगळं असेंब्लीत पुन्हा करावं लागेल का?

पुन्हा काढत बसू नका, त्याची गरज नाही. मी असं धरून चालते: चौकोनी पाइपची वेल्डिंग केलेली फ्रेम, वर प्लायवूडचा टॉप, खाली स्लाइडवर सरकणारे दोन ड्रॉवर, आणि हे सगळं सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या एकाच पार्ट फाइलमध्ये. यातलं अर्धं काम तुम्ही योग्य जागी केलंय, अर्धं चुकीच्या जागी. ते वेगळं केलं की झालं.

आधी त्या एका ओळीबद्दल. पार्ट लिस्ट बॉडी मोजत नाही, पार्ट मोजते. तुमची फाइल एकच, म्हणून ओळही एकच. नुसती बॉडी म्हणजे पार्ट फाइलमधला एक घन आकार; असेंब्ली म्हणजे वेगवेगळे पार्ट एकत्र बसवलेली फाइल. तिला स्वतःचा पार्ट नंबर नसतो, रिव्हिजन नसते, स्वतंत्र ड्रॉइंग फाइलही नसते. म्हणून कुठला भाग बॉडी ठेवायचा आणि कुठला पार्ट, हे काढायला काय सोपं पडतं त्यावरून ठरवू नये. मी एवढंच बघते: ही वस्तू कुणी वेगळी मागवणार आहे का, ती हलते का, दुसऱ्या प्रॉडक्टमध्ये लागणार आहे का, तिला स्वतःचा नंबर लागणार आहे का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की ती वेगळा पार्ट.

फ्रेमला हे लावून बघा. पाइपचे तुकडे कापले, जोडले, की ते पुन्हा कधी सुटे होत नाहीत. स्टोअरमध्ये जाते ती अख्खी फ्रेम. म्हणजे मुख्य लिस्टमध्ये फ्रेमची एकच ओळ येणं हेच बरोबर आहे. कापणाऱ्याला मात्र तुकड्यांची यादी लागते, आणि त्यासाठी कट लिस्ट आहे. पार्टला वेल्डमेंट (वेल्डिंगच्या फ्रेमसाठीचं) फीचर लावलं की बॉडींचं फोल्डर कट लिस्ट होतं, सारख्या बॉडी एका गटात जातात आणि ड्रॉइंगवर वेल्डमेंट कट लिस्टचं टेबल टाकता येतं. पाइप ‘स्ट्रक्चरल मेंबर’ने (पाइपचा ठरलेला छेद रेषेवर बसवणाऱ्या कमांडने) काढले असतील तर लांबी आपोआप भरते. साध्या एक्स्ट्रूडने (स्केच ओढून घन आकार करून) काढले असतील तर लांबीचा रकाना रिकामा राहतो आणि तो तुम्हालाच भरावा लागतो. मुख्य असेंब्लीच्या लिस्टमध्येही हे तुकडे दाखवायचे असतील तर बीओएम (म्हणजे हीच पार्ट लिस्ट) ‘इंडेंटेड’ ठेवून ‘डिटेल्ड कट लिस्ट’वर टिक करा.

कट लिस्ट किती काटेकोर असते बघा. ७२० मिमीचे चार पाय, चारही सारखे, ओळ एक, नग ४. आता केबलसाठी एकाच पायाला १० मिमीचं भोक पाडा. लगेच दोन ओळी: नग ३ आणि नग १. अनेकांना हा बग वाटतो. पण भोक पडलेला पाय खरंच वेगळा तुकडा आहे, आणि कापणाऱ्याला ते कळायलाच हवं. भोक वेल्डिंगनंतर पाडायचं असेल तर ते कट लिस्टमध्ये नको, अशा वेळी मी ते असेंब्लीत ‘असेंब्ली फीचर’ म्हणून देते.

याउलटही होतं: नग कमी भरतात. एक्स्ट्रूड करताना ‘मर्ज रिझल्ट’ची टिक काढायची राहून गेली आणि नवा तुकडा जुन्याला टेकत असला, की दोन्ही मिळून एकच बॉडी होते. पडद्यावर चित्र जसंच्या तसं दिसतं, यादीत एक तुकडा गायब. म्हणून ड्रॉइंगला हात लावण्याआधी कट लिस्टच्या फोल्डरमधला आकडा बघायचाच.

ड्रॉवर, स्लाइड आणि स्क्रू मात्र बॉडी म्हणून ठेवू नका. ड्रॉवर सरकतो, आणि मेट (दोन पार्टमधली जोडणी) लावून तो सरकवून बघायला असेंब्लीच लागते. स्लाइड आणि स्क्रू विकत येतात. त्यात स्क्रू बॉडी म्हणून पॅटर्न केले तर प्रत्येक स्क्रूचा आकार त्याच फाइलमध्ये साठत जातो. असेंब्लीत एकच स्क्रू फाइल चाळीस ठिकाणी बसते आणि लिस्टमध्ये नग ४० असं आपोआप येतं. प्लायवूडचा टॉप बोल्टने बसतो, बदलतो, म्हणून तोही वेगळा.

आता हे सुटं कसं करायचं? सॉलिडवर्क्समध्ये ‘सेव्ह बॉडीज’ने हव्या त्या बॉडी स्वतंत्र पार्ट म्हणून सेव्ह होतात आणि तिथूनच असेंब्लीही तयार करता येते. इतर डिझाइन सॉफ्टवेअरपैकी इन्व्हेंटरमध्ये हेच काम ‘मेक कंपोनंट्स’ करतं. फ्यूजनमध्ये बॉडीवर राइट क्लिक करून ‘क्रिएट कंपोनंट्स फ्रॉम बॉडीज’ (कंपोनंट म्हणजे तिथला पार्ट). तिथे जॉइंट आणि पार्ट लिस्ट दोन्ही कंपोनंटवरच चालतात, त्यामुळे मी पहिल्या स्केचच्या आधीच कंपोनंट करून घेते. ऑनशेपमध्ये हा घोळ कमी, कारण पार्ट स्टुडिओतल्या प्रत्येक सॉलिडला सुरुवातीपासून पार्ट मानलं जातं.

मूळ फाइल टाकून देऊ नका. टॉपची रुंदी, ड्रॉवरमधली फट, ही सगळी मापं एकमेकांवर अवलंबून असतात आणि ती एकाच जागी बदललेली बरी. बदल मूळ फाइलमधून सुट्या पार्टकडे जातो, उलटा येत नाही. सुट्या पार्टमध्ये पाडलेलं भोक मूळ फाइलमध्ये शोधाल तर सापडणार नाही.

सॉलिडवर्क्समध्ये एक गोष्ट सांभाळा: ‘सेव्ह बॉडीज’ हे ट्रीमधलं, म्हणजे पार्टमध्ये केलेल्या कृतींच्या क्रमवार यादीतलं, एक फीचर आहे, त्यामुळे त्याच्या खाली जे काही कराल ते सुट्या पार्टपर्यंत पोचत नाही. माप बदललं पण पार्ट जुनाच दिसतोय, असं झालं तर आधी ट्रीमधला क्रम बघा. नवीन फीचर त्याच्या खाली गेलं असेल तर ओढून वर न्या. डिझाइन अजून बदलत असेल तर ‘इन्सर्ट इनटू न्यू पार्ट’ वापरा, ते ट्रीच्या शेवटची स्थिती उचलतं.