वाचकांचे प्रश्न : कोड उघडा आहे, पण चाव्या कोणाकडे?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर होता : आज ओपन सोर्स म्हणून घेतलेलं सॉफ्टवेअर उद्या मालकाने परवाना बदलून अडवलं तर काय? म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्न : आमच्या उत्पादनात रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस आहे, कॅशसाठी (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायला) आणि कामांच्या रांगांसाठीही. परवाना बदलल्यापासून वरिष्ठांनी 'वॅल्कीवर (रेडिसच्याच कोडवरून निघालेल्या पर्यायावर) जा' असा लकडा लावला आहे. खरंच गरज आहे का? आणि जायचं झालं तर कसं?

गरज आहे की नाही हे आधी ठरवा, कारण बऱ्याच ठिकाणी नसते. रेडिसच्या ७.२ पर्यंतच्या आवृत्त्या बीएसडी या सैल परवान्याच्या आहेत. मार्च २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ७.४ पासून आरएसएएल किंवा एसएसपीएल या जादा अटी घालणाऱ्या परवान्यांपैकी एक घ्यावा लागेल. दोन्हींचा नेम क्लाउड कंपन्यांवर होता, कारण रेडिस आयतं उचलून 'सेवा' म्हणून विकण्याचा धंदा त्याच करतात. स्वतःच्या ॲपच्या मागे रेडिस चालवणाऱ्याला त्यातलं एकही कलम अडवत नाही. मे २०२५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीला तर एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा तिसरा पर्यायही दिला गेला. तेव्हा केवळ कायद्याच्या भीतीपोटी घाई नको. तुम्ही ग्राहकाला रेडिसच भाड्याने देत असाल, किंवा एकाच कंपनीच्या मर्जीवर राहायचं नसेल, तर वॅल्कीचा विचार रास्त आहे. रेडिस ७.२.४ वरून निघालेला हा फोर्क, म्हणजे मूळ कोडवरून काढलेला स्वतंत्र प्रकल्प, लिनक्स फाउंडेशन या संस्थेकडे आहे आणि ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन अशा एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या सुरुवातीपासून त्याच्या मागे आहेत. आमच्या मते त्याची खरी ताकद हीच. यातली एक उठून गेली तरी गाडा थांबत नाही.

आता स्थलांतर. पहिलं काम, चालू सर्व्हरची नेमकी आवृत्ती बघणं. ७.२ किंवा त्याआधीची असेल तर सोपा रस्ता आहे. वॅल्कीचा नवा सर्व्हर उभा करा, त्याला जुन्या रेडिसचा रेप्लिका (सतत जुळती राहणारी नक्कल) बनवा, दुवा 'अप' झाला आणि दोन्हीकडचा ऑफसेट (नक्कल कुठवर आली तो आकडा) जुळला की ॲपचं लिहिणं काही सेकंद थांबवा, रेप्लिकाला स्वतंत्र करा आणि ॲपचा पत्ता बदला. प्रोटोकॉल तोच असल्यामुळे क्लायंट लायब्ररी बदलावी लागत नाही. 'इन्फो' विचारल्यावर वॅल्कीही रेडिसची आवृत्ती ७.२.४ अशीच सांगतो, त्याने गोंधळू नका. जुनी साधनं बिघडू नयेत म्हणून ती ओळ मुद्दाम ठेवली आहे. खरी आवृत्ती वेगळ्या ओळीत असते.

गाडी अडते ती तीन ठिकाणी. जुन्या सर्व्हरला पासवर्ड असेल आणि तो नव्याच्या सेटिंगमध्ये दिला नसेल, तर दुवा 'डाउन'च राहतो. चूक फक्त लॉगमध्ये दिसते. डेटा मोठा असेल तर पहिली पूर्ण नक्कल अर्ध्यावर तुटते आणि पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा तुटते. याचं कारण रेप्लिकासाठीच्या आउटपुट बफरची (पाठवायचा डेटा साठतो त्या जागेची) मर्यादा मुळात २५६ एमबी असते, शिवाय ६० सेकंद सलग ६४ एमबीच्या वर राहिला तरीही जोडणी कापली जाते. नक्कल होत असताना ॲपकडून लिहिणं जोरात चालू असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तेवढ्यापुरती ती वाढवा, पण मेमरी शिल्लक आहे ना हे बघून, कारण नक्कल काढताना रेडिस स्वतःच्याच प्रक्रियेची दुसरी प्रत काढतो आणि लिहिणं जास्त असेल तर मेमरीचा वापर बराच वर जातो. तिसरी अडचण मॉड्यूलची, म्हणजे वरून जोडलेल्या भागांची. सर्च किंवा जेसनसारखं मॉड्यूल वापरून साठवलेला डेटा असेल, तर समोर तसंच मॉड्यूल नसताना तो उघडणारच नाही. मॉड्यूलची यादी आधी काढा.

आणि तुम्ही आधीच ७.४ वर असाल तर? तिथे डेटा फाइलच्या रचनेचा क्रमांक ११ वरून १२ झाला. वॅल्कीची आठवी आवृत्ती ११ पर्यंतच ओळखते आणि फाइल बघताच सुरू व्हायला नकार देते. रेप्लिकाचा रस्ताही बंद, कारण पूर्ण नक्कल म्हणजे शेवटी तीच फाइल जाळ्यावरून पाठवणं. काहींना वाटतं, एकेक 'की' (नोंद) 'डंप' आज्ञेने बाहेर काढून 'रिस्टोअर'ने परत भरू. तेही फसतं, डंपच्या शेपटीला तोच क्रमांक चिकटलेला असतो. तपासणी सैल करणारं सेटिंग आहे, पण ज्या डेटाची दुसरी प्रत नाही त्याच्यावर ते आजमावू नका. सरळ मार्ग म्हणजे 'स्कॅन' या आज्ञेने सगळ्या 'की' गोळा करायच्या, प्रत्येकीचा प्रकार बघून मूल्य वाचायचं आणि पलीकडे नव्याने लिहायचं. यात नोंदीची उरलेली मुदत नेणं हटकून विसरलं जातं आणि मग आपोआप मरायला हव्या त्या नोंदी अमर होतात. कॅशच्या भागासाठी मात्र एवढा खटाटोप करूच नका. रिकाम्या वॅल्कीने सुरुवात करा, फक्त वर्दळ कमी असताना, कारण पहिला काही वेळ सगळा भार मूळ डेटाबेसवर पडतो. रांगांचा भाग वेगळा : ॲपने नवी कामं नव्या रांगेत टाकायची, जुनी रांग रिकामी होऊ द्यायची.

प्रश्न : एखादा प्रकल्प पुढे परवाना बदलेल हे आधी ओळखता येतं का?

खात्रीने नाही, पण वारा कुठून वाहतोय ते अर्ध्या तासात कळतं.

सगळे आधी परवान्याची फाइल बघतात, आम्ही आधी योगदानाची अट बघतो. बाहेरच्या माणसाने कोड पाठवला तर त्याच्याकडून कंपनीच्या नावे करार, म्हणजे सीएलए, सही करून घेतात का? घेत असतील तर त्यात 'दुसऱ्या कोणत्याही परवान्याखाली देण्याचा हक्क' आहे का ते शोधा. असेल तर चावी एकाच्याच हाती आहे. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये परवाना बदलला, तेव्हा या तिन्ही सॉफ्टवेअर कंपन्यांकडे असे करार होते. याउलट लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तिथे फक्त 'साइन्ड ऑफ'ची ओळ (हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ग्वाही) मागतात, हक्क ज्याचा त्याच्याकडेच राहतो. हजारो जणांची संमती मिळवल्याशिवाय जीपीएल या परवान्याची दुसरी आवृत्ती सोडणं कर्नलला जमणारं नाही. लिनक्सचं कवच हेच आहे. धोरण म्हणून आखलेलं कमी, विखुरलेल्या मालकीतून आपसूक तयार झालेलं जास्त.

पण करार नाही म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. रेडिसकडे असा करार नव्हता. बीएसडी परवानाच इतका सैल की पुढची आवृत्ती कोणीही बंद करू शकतो. जुन्या लेखकांची सूचना जपली की झालं. म्हणजे धोका दोन वाटांनी येतो : कडक परवाना असेल तर सीएलएमधून, सैल असेल तर परवान्यातूनच.

मग कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनातला इतिहास उघडा. गेल्या एका वर्षातले कमिट (नोंदवलेले बदल) लेखकवार मोजा, गिटची 'शॉर्टलॉग' ही आज्ञा हेच करते. बॉट वगळा आणि ईमेलच्या डोमेननुसार गट पाडा. पहिल्या दहा जणांपैकी आठ-नऊ एकाच कंपनीचे निघाले, तर फोर्क करायचा हक्क कागदावर असतो, फोर्क चालवणारी माणसं नसतात. जीमेलचे पत्ते फसवे असतात, कंपनीतली माणसंही ते वापरतात. तिथे प्रोफाइल बघावं लागतं. कोडमध्ये वेगळ्या परवान्याची उपडिरेक्टरी आहे का तेही बघा. लॉगिनचं एकत्रीकरण, ऑडिट, बॅकअप अशा गोष्टी त्या कप्प्यात एकेक करून सरकू लागल्या की समजायचं, विक्री विभागाचा शब्द चालायला लागला. शेवटी ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे ते : फाउंडेशनच्या की कंपनीच्या.

प्रश्न : बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) हा कोड दाखवून वापरावर मर्यादा घालणारा परवाना चार वर्षांनी आपोआप ओपन सोर्स होतो म्हणे. मग एवढी ओरड कशाला?

चार वर्षं ही कमाल मर्यादा आहे आणि प्रत्येक आवृत्तीचं घड्याळ वेगळं. आज उघडी झालेली आवृत्ती चार वर्षांपूर्वीची असते. नंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या तिच्यात नसतात, त्या ज्या आवृत्तीत आहेत ती अजून बंद. शिळी भाकरी फुकट मिळते, एवढंच. हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मच्या (सर्व्हर वगैरे कोड लिहून उभारणाऱ्या साधनाच्या) बाबतीत म्हणूनच लोकांनी थांबण्याऐवजी एमपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या जुन्या कोडवरून ओपनटोफू हा फोर्क काढला. तिकडे जाणार असाल तर स्टेट फाइलची (काय काय उभारलं आहे त्या नोंदीची) प्रत बाजूला ठेवा, नव्या साधनाने आधी फक्त 'प्लॅन' (काय बदलेल ते नुसतं दाखवणारी आज्ञा) चालवा आणि एकही बदल दिसत नसेल तरच पुढे जा. स्टेट फाइल कूटबद्ध करण्याची सोय त्यात आहे, पण ती चालू केलीत की टेराफॉर्मला ती फाइल वाचता येत नाही. परतीचा दोर कापायचा असेल तेव्हाच ते बटण दाबा.

प्रश्न : अँड्रॉइड ओपन सोर्स आहे, मग युरोपात गूगलला मक्तेदारीबद्दल दंड कसा झाला? कोणीही आपला अँड्रॉइड काढू शकतोच की.

काढू शकतो, विकू शकतो का हा प्रश्न होता. जुलै २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला तो कोडबद्दल नव्हे, कोडभोवतीच्या करारांबद्दल. प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलचं सर्च आणि क्रोमही आधीच बसवायचं, ही एक अट. दुसरी जास्त बोलकी : प्ले स्टोअर आणि सर्च हवं असलेल्या उत्पादकाने गूगलने मान्य न केलेल्या फोर्कवर चालणारं एकही उपकरण विकायचं नाही. म्हणजे एक मॉडेल वेगळ्या वाटेने नेलं की बाकी सगळ्या मॉडेलांवर पाणी. तिसरा मुद्दा केवळ गूगलचंच सर्च ठेवण्यासाठी दिलेल्या पैशांचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने तो रद्द केला आणि दंड ४.१२५ अब्जांवर आणला. बाकीचा निर्णय बहुतांशी कायम ठेवला.

करार नसते तरी वाट बिकटच होती. सूचना (नोटिफिकेशन), नकाशे, स्थान ओळखणं ही कामं मूळ उघड्या कोडमध्ये कमी आणि 'प्ले सर्व्हिसेस' या बंद घटकात जास्त आहेत. तुमच्या स्वतःच्या ॲपचं यात किती गुंतलं आहे ते तपासायचं असेल तर ॲप बांधणाऱ्या ग्रेडल या साधनातल्या अवलंबित्वांच्या (ॲपला लागणाऱ्या लायब्ररींच्या) संपूर्ण यादीत 'जीएमएस' आणि 'फायरबेस' ही गूगलच्या सेवांची नावं शोधा. फक्त तुम्ही लिहिलेल्या ओळी बघू नका, तिसऱ्याच लायब्ररीच्या पोटात ते बसलेलं असतं. मग प्ले सर्व्हिसेस नसलेल्या एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) ॲप चालवा. बहुतेकदा ॲप उघडतं, पडद्यावर सगळं ठीक दिसतं, फक्त सूचना कधीच येत नाहीत.

प्रश्न : एजीपीएलचा डेटाबेस वापरला तर आमचा सगळा कोड उघडा करावा लागेल का?

डेटाबेस जसाच्या तसा वापरत असाल आणि ॲप त्याच्याशी जाळ्यावरून बोलत असेल, तर नाही, असाच त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. डेटाबेसच्या कोडमध्ये बदल करून तो जाळ्यावरून इतरांना वापरू दिलात, तर त्या बदललेल्या डेटाबेसचा कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागतो. एजीपीएलची लायब्ररी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये जोडणं ही वेगळी गोष्ट. तिथे वकिलाला विचारा. एसएसपीएलशी गल्लत करू नका. त्यात सेवा म्हणून विकणाऱ्याला देखरेख, बॅकअप, होस्टिंग अशा आजूबाजूच्या सॉफ्टवेअरचाही कोड द्यावा लागतो, आणि ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणारी ओएसआय ही संस्था त्याला ओपन सोर्स मानत नाही.

प्रश्न : 'ओपन' म्हणून मिळणारी एआय मॉडेलं याच हिशेबात धरायची का?

परवाना वाचल्याशिवाय नाही. जुलै २०२३ मध्ये आलेल्या मेटाच्या लामा २ या मॉडेलच्या परवान्यात ७० कोटींहून जास्त मासिक वापरकर्ते असलेल्यांना मेटाकडून वेगळी परवानगी घ्यायला सांगितलं होतं. प्रकाशनाच्या वेळी एवढे वापरकर्ते असतात कोणाकडे? थेट स्पर्धकांकडेच. ओपन सोर्सच्या व्याख्येत व्यक्ती, गट किंवा क्षेत्र बघून भेद करायला मनाई आहे, त्यामुळे हे त्यात बसत नाही. वापरायला हरकत नाही, 'वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) उघडे आहेत' एवढंच म्हणा.

प्रश्न : आम्ही चार मित्र एका बंद पडत चाललेल्या प्रकल्पाचा फोर्क काढतोय. जुनं नाव ठेवलं तर चालेल?

नाही. परवाना कोडचा असतो, नाव ट्रेडमार्कखाली असतं. डेबियन या लिनक्स प्रणालीने आपल्या दुरुस्त्या घातलेला फायरफॉक्स ब्राउझर त्याच्या निर्मात्या मोझिलाच्या नावाने देता येईना म्हणून २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं 'आइसवीझल' नावाने दिला. नाव आणि चिन्ह पहिल्याच कमिटमध्ये बदला, पण प्रत्येक फाइलच्या माथ्यावरची जुन्या लेखकांची कॉपीराइट सूचना तशीच राहू द्या. शोधा-आणि-बदला चालवताना नेमकी तीच पुसली जाते. पॅकेजचं नाव, कॉन्फिगरेशनच्या फोल्डरचं नाव आणि पर्यावरण-चलांचे (प्रोग्रॅमला बाहेरून दिल्या जाणाऱ्या सेटिंगचे) उपसर्ग हेही बदलावे लागतात. तिथे मात्र जुनी नावं एक-दोन आवृत्त्या वाचत राहा, नाहीतर आलेले वापरकर्ते पहिल्याच अपडेटला परत जातील.