घरच्या घरी तपकिरीला सुवास कसा द्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, गेली काही वर्षे तुम्ही साधी तपकीर ओढता, बाजारातल्या सुवासिक तपकिरीत नेमके काय मिसळले आहे हे डबीवरून कळत नाही म्हणून घरीच तिला वास देऊन पाहिला, गुलाबाच्या अत्तराचे चार थेंब घातले आणि पहिल्याच चिमटीला नाक चुरचुरून दुपारभर डोके दुखत राहिले. तर चूक कुठे झाली आणि योग्य रीत कोणती? मी स्वतः सात-आठ वर्षे असे प्रयोग करत आलो आहे, त्यामुळे अनुभवाचे तेवढेच सांगतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. तपकिरीत धूर नसला तरी ती निरुपद्रवी नाही. तंबाखूतील नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तिच्यातही असतात, नाकाच्या अस्तरातून निकोटीन लवकर रक्तात उतरते व सवय जडते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. म्हणून हे उत्तर ज्याला आधीपासून सवय आहे अशा प्रौढ माणसासाठी आहे. छान वास येतो एवढ्यासाठी कोणी नव्याने सुरुवात करू नये, आणि सुवासिक केलेली डबी घरातल्या मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

आता तुमच्या अत्तराविषयी. तपकीर ही वस्त्रगाळ पूड असते. तिच्यावर थेंब टाकला की तो पसरत नाही. पडेल तिथेच मुरतो आणि त्या जागी बारीक गुठळी धरते. तुम्ही कितीही ढवळले तरी एखाद्या चिमटीत ती गुठळी येते आणि संपूर्ण डबीला पुरेल इतका अर्क एकाच वेळी नाकाच्या अस्तराला लागतो. शिवाय जुन्या पद्धतीने अत्तर चंदनाच्या तेलात उतरवत असले, तरी आजच्या स्वस्त अत्तरांत त्या तेलाऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा दुसरा एखादा रासायनिक द्रावक वापरलेला असतो. ते मनगटाला किंवा कपड्याला लावण्यासाठी केलेले असते, नाकात ओढण्यासाठी नव्हे. तेलकट पदार्थ वारंवार नाकात गेल्यास तो घशामागून फुफ्फुसात उतरून तिथे सूज धरू शकतो, त्यामुळे अत्तर असो वा कोणतेही तेल, तपकिरीत थेंबाने घालणे मी पूर्णपणे बंद केले आहे. ती बिघडलेली तपकीर तुम्हीही टाकून द्या. आणखी साधी तपकीर मिसळून ती सुधारता येईल असे वाटते, पण गुठळ्या राहतातच.

माझी पद्धत अशी की वासाची वस्तू तपकिरीत मिसळायची नाही, तिच्या शेजारी कोंडून ठेवायची. कोरडी तंबाखूची पूड आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेते, हे मसाल्याच्या डब्याजवळ डबी विसरलेल्या कोणालाही ठाऊक असेल. अठराव्या शतकातील युरोपात जाई आणि संत्र्याच्या फुलांचे थर तपकिरीत देऊन, काही वेळाने फुले चाळून काढून, पुन्हा ताजी फुले घालत असत. आपल्याकडे फुलेल तेल करताना तिळाला मोगऱ्याच्या फुलांत असेच थरावर थर देऊन मुरवतात आणि मग ते तीळ घाण्यात घालतात. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत मनासारखा उतरला तो बकुळीचा वास. बकुळीचे फूल सुकून तपकिरीच्याच रंगाचे होते आणि तरीही महिनोन्‌महिने वास सोडत नाही. लुगड्यांच्या घडीत ठेवलेला बकुळीचा गजरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. सुकलेल्या फुलात पाणी नसते आणि तपकिरीचा खरा शत्रू पाणीच आहे, म्हणून ही जोडी जमते. मी पंचवीस ग्रॅम तपकीर रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घेतो, पूर्ण वाळलेली वीसेक फुले मलमलीच्या पुरचुंडीत सैल बांधून तिच्यावर ठेवतो, झाकण घट्ट लावतो आणि बरणी अंधाऱ्या फळीवर ठेवून रोज एकदा हलवतो. आठव्या दिवशी पुरचुंडी काढतो. पहिल्या चिमटीत आधी तंबाखूचा वाळल्या गवतासारखा वास लागतो आणि श्वास सोडताना, म्हणजे वास गेला असे वाटत असतानाच, मागून बकुळीचा मधासारखा गोडवा येतो. तो पुढे येत नाही, तंबाखूला झाकत नाही, आणि मला हेच हवे असते.

मोगऱ्याच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली, ती सांगतो म्हणजे तुमची टळेल. संध्याकाळी उमलायला आलेल्या बाराएक कळ्या थेट तपकिरीवर पसरल्या, सकाळी झाकण उघडले तर वास इतका सुरेख आला होता की फुले काढून तशीच बरणी बंद केली. पाचव्या दिवशी कुबट वास आला आणि कडेला पांढरे तंतू दिसले. फुलांचे पाणी पुडीत उतरले होते. बुरशी लागलेली तपकीर चाळून किंवा उन्हात ठेवून वापरता येत नाही, कारण बुरशीचे बीजाणू थेट श्वासात जातात. ती सगळी फेकून दिली. आता मी कळ्या मलमलीवर ठेवतो, पाकळ्या तांबूस होण्याआधी पहाटेच काढतो, तपकीर कोऱ्या कागदावर सावलीत पातळ पसरून तासभर कोरडी होऊ देतो आणि मगच दुसऱ्या रात्री नव्या कळ्या घालतो. अशा तीन रात्री पुरतात. मोगरा खुडल्यावरही रात्रभर वास देत राहतो म्हणून ही रीत त्याला लागू पडते. गुलाबाचे तसे नाही, त्यामुळे तुम्हाला गुलाबच हवा असेल तर देशी गुलाबाच्या सावलीत वाळवलेल्या पाकळ्या घेऊन त्यांना बकुळीप्रमाणेच वागवा. केवड्याचे वाळलेले पानही चालते, पण बोटभर तुकड्याहून जास्त नको, नाहीतर तंबाखूचा वास उरतच नाही. वाळ्याने मात्र माझी निराशा केली, कारण त्याचा वास ओलाव्यानेच खुलतो आणि कोरड्या बरणीत तो जवळजवळ मुका राहतो.

मसाल्यांत अख्खे जायफळ आणि न फोडलेली हिरवी वेलची उत्तम. त्यांची पूड कधीही मिसळू नये. ती बारीक वाटली तरी खरखरीत राहते आणि अस्तराला बोचते. लवंगेचे आणि दालचिनीचे तेल त्वचेलाही भाजते, मग नाकाच्या आतली नाजूक कातडी ते कशी सोसणार? कापूर पोटात वा श्वासात जास्त गेल्यास विषारी ठरतो, म्हणून तोही मी वापरत नाही. पेपरमिंटच्या फुलाचा, म्हणजे मेंथॉलचा, गारवा अनेकांना आवडतो, परंतु त्याने नाक खरोखर मोकळे होत नाही. ते फक्त गारव्याची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, आणि त्या गारव्याखाली तपकीर किती ओढली जाते आहे याचे भान सुटते. हे मला स्वतःच्या बाबतीत जाणवले म्हणून मी ते सोडले. चुना किंवा खाण्याचा सोडा घरी घालण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. अल्कधर्मी पदार्थाने निकोटीन अधिक मोकळे होते आणि तपकिरीची धग वाढते, वासाशी त्याचा काही संबंध नाही. तूप लावलेली तपकीर तुमच्याकडे असेल तर ती वास लवकर धरते हे खरे, पण तूप खवट होते, त्यामुळे ती महिन्याभरात संपेल इतकीच सुवासिक करा.

शेवटची बाब परीक्षेची. नाक एका वासाला काही मिनिटांतच सरावते आणि मग तो कमी वाटू लागतो. याच क्षणी माणूस आणखी फुले घालतो आणि वास अति होतो. म्हणून बरणी उघडल्यावर तिथल्या तिथे निर्णय घेऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, एकदाच हुंगून पाहा. त्याच तपकिरीचा थोडा भाग वास न देता दुसऱ्या डबीत ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून हुंगा. साध्या डबीतला तंबाखूचा वास सुवासिक डबीतही ओळखू येत असेल, तर फुले तिथेच थांबवा.