माहितीपत्रकं बॅगेतच राहू दे

अगं, तुझा मेल दोनदा वाचला. ईस्ट लॉस एंजलिसमधल्या त्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, घरात स्मृतिभ्रंश झालेल्या आईला सांभाळणारी मुलगी "आम्हाला मदत नको" म्हणाली आणि तू हिरमुसलीस, साहजिक आहे. पण तिला तू नको नाहीयेस गं, तू जी माहितीपत्रकं पुढे केलीस ती नकोत.

मी पण सुरुवातीला हेच केलेलं. पहिल्याच भेटीत डे-केअर, नर्सिंग होम सगळी माहितीपत्रकं टेबलावर मांडली आणि म्हटलं, आता जरा स्वतःकडे बघा. त्या बाईनं नंतर माझा फोनच उचलला नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, की आईला कुठेतरी ठेवून ये. अजून सलतं मला ते.

आपल्याकडे साठी बुद्धी नाठी म्हणून विसरणं सोडून देतात ना, तसं लॅटिनो घरांत "कोसास दे ला एदाद", म्हणजे वयाचं चालायचंच. म्हणून डॉक्टरकडे जायला उशीर होतो, आणि इथे लॅटिनो म्हाताऱ्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दीडपट आहे. दोष देऊ नकोस, ती मुलगी आधीच स्वतःला देत असणार.

तिच्याशी "तुझ्यासाठी" असं बोलूच नकोस, "आईसाठी तू धडधाकट राहायला हवीस" असं बोल, मग ऐकेल. रविवारी सगळे जेवायला जमतात तेव्हा जा आणि भावांसमोरच विचार, गुरुवारी दोन तास आईजवळ कोण बसेल? वार आणि तास ठरवून घे, नाहीतर सगळे मान हलवतात आणि सगळं परत तिच्याच गळ्यात.

आणि ती नोकरी सोडून घरी बसलीय ना? आईला मेडी-कॅल, म्हणजे कॅलिफोर्नियातला कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस या घरीच सांभाळण्याच्या सरकारी योजनेसाठी अर्ज करता येतो, मंजूर झाला की सांभाळणाऱ्याला ठरलेल्या तासांचे पैसे मिळतात आणि सांभाळणारी व्यक्ती पोटची मुलगी असली तरी चालते. कित्येक घरांना हे माहीतच नसतं, तू आधी हे सांगायला हवं होतंस.

डॉक्टरकडे नातवाला दुभाषा करू देऊ नका. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाषा फुकट द्यावा लागतो, फक्त अपॉइंटमेंट घेतानाच मागायचा. बारा वर्षांच्या पोरानं आजीला तिचा आजार का समजवायचा?

एकदा जाऊन काही होत नाही हे पण लक्षात ठेव. २००६ मध्ये रीच टू नावाचा अभ्यास छापून आला, अमेरिकेतल्या पाच शहरांत स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळणारे ६४२ जण, सहा महिन्यांत घरी आणि फोनवर मिळून १२ सेशन्स, आणि लॅटिनो लोकांचं जगणं खरंच सुधारलेलं दिसलं. नुसती माहिती नव्हती त्यात, आई चिडली तर काय करायचं हे बसून, करून दाखवून शिकवलं होतं.

तू पण तेच कर. संध्याकाळी अबुएला, म्हणजे त्या घरातल्या आजी, "मला घरी जायचंय" म्हणतात ना, तेव्हा मुलगी "हेच तुझं घर" म्हणून वाद घालते आणि दोघी रडतात. आजींचं घर म्हणजे मेक्सिकोतल्या मिचोआकानमधलं गाव आहे गं. अंगणात काय होतं, कोण स्वयंपाक करायचं, असं मुलीसमोर तू विचारून दाखव.

आणि अबुएलांना "उस्तेद", म्हणजे आपलं "तुम्ही", म्हण, "तू" नाही. स्पॅनिशमधलं तू आपल्या तू सारखंच आहे, पहिल्या भेटीत चालत नाही.

रविवारी जाऊन आलीस की फोन कर, उशीर झाला तरी चालेल, मी जागी असते.

तुझी,
ताई