यू. एस. अटर्नीच्या ऑफिसातून कागद आला म्हणजे काय समजायचं?

तुम्ही विचारलंय की भाऊ न्यू जर्सीत एका कन्सल्टिंग कंपनीत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, घरी ‘युनायटेड स्टेट्स अटर्नीज ऑफिस, डिस्ट्रिक्ट ऑफ न्यू जर्सी’चा कागद आलाय. हे ऑफिस आपल्याकडच्या सरकारी वकिलासारखं की सीबीआयसारखं, आणि त्याने आता काय करायचं?

खरं तर दोन्हींसारखं नाही. आपल्याकडे तपास पोलीस किंवा सीबीआय करतात, आरोपपत्रही तेच दाखल करतात, आणि सरकारी वकील कोर्टात खटला चालवतो. अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास एफबीआय, आयआरएस (कर खातं), होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा खातं) किंवा पोस्टाचे निरीक्षक करतात. पण गुन्हा लावायचा का, कुणावर आणि कोणत्या कलमाखाली, हे या ऑफिसातला वकील ठरवतो. मोठ्या प्रकरणात तो आरोपाच्या कितीतरी आधीपासून तपासात असतो. म्हणून भावाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ कोर्टाच्या तारखेपासून नाही, कागद हातात पडल्यापासून सुरू झालाय.

देशात 94 फेडरल जिल्हे आहेत आणि 93 यू. एस. अटर्नी (गुआम आणि नॉर्दर्न मारियाना बेटांना मिळून एकच). हे पद 1789 पासूनचं. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते, मुदत 4 वर्षं. न्यू जर्सी पूर्ण राज्य मिळून एक जिल्हा आहे, ऑफिसं नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला. न्यूयॉर्कचे मात्र चार जिल्हे: मॅनहॅटन सदर्नमध्ये, क्वीन्स आणि ब्रुकलिन ईस्टर्नमध्ये. रोजचं काम असिस्टंट यू. एस. अटर्नी करतात. घरफोडी, मारामारी असले गुन्हे सहसा काउंटीच्या, म्हणजे स्थानिक जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे जातात. व्हिसाचे खोटे कागद, फेडरल कर, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची खोटी बिलं, राज्याबाहेर ईमेल किंवा बँकेतून झालेली फसवणूक ही या ऑफिसची कामं.

आता कागद नीट बघा. वर कोर्टाचं नाव आणि ‘ग्रँड ज्युरीसमोर साक्ष देण्यासाठी सपीना’ अशा अर्थाचं शीर्षक असेल, तर तो सपीना आहे, म्हणजे साक्षीला हजर राहण्याचा किंवा कागदपत्रं देण्याचा हुकूम (ग्रँड ज्युरी म्हणजे आरोप लावायला होकार देणारे नागरिक, त्यांच्याबद्दल पुढे आहे). त्यात तारीख, वेळ, जागा असते. कागदपत्रं हवी असतील तर त्यांची यादी छापलेली असते किंवा सोबत जोडलेली असते. तळाशी सपीना मागवणाऱ्या वकिलाचं नाव, पत्ता आणि फोन असतो. नुसता सपीना आला म्हणून भाऊ आरोपी ठरत नाही. या ऑफिसच्या भाषेत माणसं तीन प्रकारची: साक्षीदार, ‘सब्जेक्ट’ म्हणजे ज्याचं वागणं तपासाच्या कक्षेत आहे, आणि ‘टार्गेट’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध भक्कम पुरावा आहे आणि बहुधा आरोप होणार आहे. टार्गेटला काही वेळा तसं स्पष्ट सांगणारं पत्र येतं. भाऊ कशात मोडतो हे त्याच्या वकिलाने त्या असिस्टंटला फोन करून विचारायचं. भावाने स्वतः फोन करू नये.

वकील कसला, इथे बरेच जण चुकतात. ज्याने एच-वन-बी भरली तो इमिग्रेशनचा वकील या कामाला पुरत नाही. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. ‘तुमचंही मी बघतो’ म्हणाला तरी कंपनीचं आणि भावाचं हित उद्या विरुद्ध दिशांना जाऊ शकतं. फेडरल फौजदारी कामाचा अनुभव असलेला स्वतंत्र वकील हवा. मुदत वाढवून घेणं, यादी कमी करून घेणं ही त्याची नेहमीची कामं आहेत, मुदत वाढते म्हणून घाबरायचं कारण नाही.

वकील मिळेपर्यंत एकही ईमेल, चॅट, टाइमशीट, फाइल पुसायची नाही. व्हॉट्सॲपचे ‘आपोआप गायब होणारे’ मेसेज चालू असतील तर आत्ताच बंद करा. फेडरल तपासात अडथळा आणायला कागद नष्ट केले किंवा बदलले तर 20 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूळ प्रकरणात काही नसलेला माणूस इथे अडकतो. दारात दोन एजंट आले तर नाव विचारावं, कार्ड घ्यावं आणि ‘माझे वकील बोलतील’ इतकंच सांगावं. न बोलणं गुन्हा नाही. पण जाणूनबुजून महत्त्वाची खोटी गोष्ट सांगितली तर शपथ नसतानाही 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सहकाऱ्यांना फोन करून ‘आपण काय सांगायचं’ हे ठरवणं तर मुळीच नको.

ग्रँड ज्युरी म्हणजे 16 ते 23 सामान्य नागरिक. खोलीत न्यायाधीश नसतो, साक्षीदाराचा वकीलही आत जाऊ शकत नाही. प्रश्न आल्यावर बाहेर येऊन वकिलाशी बोलता येतं. स्वतःवर शेकेल असं उत्तर द्यायला अमेरिकन राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीखाली नकार देता येतो. कंपनीच्या कागदांना मात्र ते संरक्षण नाही. 12 जणांनी होकार दिला की इंडाइटमेंट, म्हणजे रीतसर आरोप. एक वर्षाहून जास्त शिक्षेच्या फेडरल गुन्ह्याला हा टप्पा लागतोच, आरोपीने स्वतः हक्क सोडला तर वेगळं.

या सगळ्याला घड्याळ असतं. देवयानी खोब्रागडे प्रकरण आपल्याकडे सगळ्यांना आठवतं. 12 डिसेंबर 2013 ला न्यूयॉर्कमधल्या तत्कालीन भारतीय उप-महावाणिज्यदूतांना अटक केली ती परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा विभागाने. व्हिसा अर्जातील खोटेपणाचा आरोप लावला सदर्न डिस्ट्रिक्टच्या ऑफिसने, तेव्हाचे यू. एस. अटर्नी प्रीत भरारा. अटकेनंतर इंडाइटमेंट आणायची मुदत 13 जानेवारीला संपत होती, ती वाढवायला कोर्टाने नकार दिला, आणि 9 जानेवारीला ग्रँड ज्युरीने इंडाइटमेंट दिलं. पण आदल्या दिवशी त्यांना संपूर्ण राजनैतिक संरक्षण मिळालं होतं, म्हणून न्यायाधीशांनी 12 मार्च 2014 ला ते रद्द केलं. दोनच दिवसांत ऑफिसने नवं इंडाइटमेंट आणलं. अटक करणारे, आरोप लावणारे, होकार देणारे आणि रद्द करणारे असे चार वेगळे हात या एका प्रकरणात दिसतात. 

भावाच्या व्हिसामुळे एक गोष्ट फार काळजीची आहे. फेडरल खटल्यांपैकी बहुतेक गुन्हा कबूल करून तडजोडीने संपतात. तुरुंग होणार नाही असं वाटून सही केली, पण फसवणुकीच्या गुन्ह्यात नुकसान 10,000 डॉलरांच्या वर मांडलेलं असेल, तर देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येऊ शकते, ग्रीनकार्डवाल्यालासुद्धा. कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होतो हे सांगणं बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलंय. म्हणून सहीआधी इमिग्रेशनचा वकीलही बसवा. त्याचं काम इथे येतं.

कागद भावाविरुद्धच्या तपासाचा नसूही शकतो. गुन्ह्यात तुमचं नुकसान झालं असेल तर पीडित म्हणून सूचनापत्र येतं, त्यात खटल्याची माहिती पाहायचा क्रमांक असतो. शिवाय ऑफिसची दिवाणी शाखा सरकारची बाजू लढवते: ग्रीनकार्ड अर्ज रखडला म्हणून सरकारवर दावा लावला की समोर सहसा याच ऑफिसचा वकील येतो. अशा दाव्याची प्रत नुसती इमिग्रेशन खात्याला पाठवून भागत नाही. यू. एस. अटर्नीच्या ऑफिसला ती हातोहात द्यावी लागते किंवा तिथल्या ‘सिव्हिल प्रोसेस क्लार्क’च्या नावे रजिस्टर्ड वा सर्टिफाइड पोस्टाने पाठवावी लागते, शिवाय वॉशिंग्टनला अटर्नी जनरलनाही, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखांनाही. सरकारचे उत्तराचे 60 दिवस यू. एस. अटर्नीला प्रत मिळाल्यापासून मोजतात. स्वतः दावा भरणारे इथेच चुकतात आणि महिनोनमहिने वाट बघत बसतात.

शेवटचं, पण भावाने सगळ्यात आधी करायचं: कागद खरा आहे का ते तपासा. त्यावरच्या नंबरवर फोन करू नका. न्याय खात्याच्या संकेतस्थळावर न्यू जर्सी ऑफिसचा नंबर आहे, वकिलाने तो लावून असिस्टंटचं नाव विचारावं. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ हे या ऑफिसच्या कामात कुठेच बसत नाही. अशा मार्गाने पैसे मागितले असतील तर तो कागद खोटा आहे, आणि तो फाडून टाकू नका. तक्रारीला तोच लागेल.