डबा बांध, पण विहिरीत उतरव

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेक सहावीत गेली, शाळा फैजपूरला, आणि तू रोज स्कूटीवर नेतेस-आणतेस. ती एसटीनं जाते म्हणते, तू म्हणतेस जग वाईट आहे. वाईट आहेच, ते मला नको सांगू.

आपल्याकडे मुलांना मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवतात. तोंड पक्कं बंद केलेला रिकामा पत्र्याचा डबा पाठीला दोरीनं आवळायचा आणि द्यायचं ढकलून. शिकवणारा आधीच पाण्यात. दिवसागणिक दोरी सैल होत जाते, एक दिवस डबा काठावरच राहतो. डबा बांध, पण उतरव.

मी नाही उतरवलं. मी 13 वर्षांचा असताना धाकटा भाऊ तापीत गेला. दुसऱ्या दिवशी गाळातून काढला, तेव्हा त्याची मूठ मी उघडली. आत वाळू होती. पुढे माझ्या पोराला विहिरीच्या काठाशीही फिरकू दिलं नाही. यात्रा नाही, मामाचं गाव एकट्यानं नाही. दुकानदाराशी बोलायचं तरी मीच. बारावीनंतर पुण्याला ठेवला, तर अडीच महिन्यांत पेटी घेऊन दारात. मेसची भाजी आंबलेली असायची, हा मुकाट्यानं जेवायचा, कुणाला सांगावं ते कळेना. हेही आईला सांगितलं, मला नाही. लोक म्हणतात, आप्पांनी पोर दुबळं केलं. ज्यांनी ती मूठ उघडली नाही, त्यांनी बोलू नये.

पण भाऊ बुडाला तो पोहता येत नव्हतं म्हणून. एवढं कळायला मला चाळीस वर्षं लागली.

1936 च्या डिसेंबरात तुझ्या त्याच फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. माझे वडील तेव्हा 10 वर्षांचे. आजी त्यांना बैलगाडीतून घेऊन गेली. गर्दीत हरवू नयेत म्हणून लुगड्याची चिंधी त्यांच्या मनगटाला, दुसरं टोक आपल्या मुठीत. बांबूचे मंडप, अध्यक्ष नेहरू, सगळं पाहून आले. आजीला अक्षरओळख नव्हती, पण डबा बांधणं तिला कळत होतं.

पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो, तो काढ. आठवडाभर तिच्या शेजारी बस, मग मागच्या सीटवर, मग नुसती स्टँडवर ये. कंडक्टरशी तीच बोलेल. गाडी चुकली तर कुणाच्या दुकानातून फोन करायचा ते ठरवा. कुणी अंगाला हात लावला तर ओरडायचं, आणि ते घरातच मोठ्यानं ओरडायला लावून शिकव. लाजतेस कशाला? मोबाइलचंही तेच, शेजारी बसून हातात दे. फक्त ‘मोठी झाली की बघू’ म्हणू नकोस. ते मी अठरा वर्षं म्हणत आलो. डबा बांध गं, घट्ट बांध, पण उतरव.

सकाळची गाडी किती वाजता असते, ते उद्या स्टँडवर तिलाच विचारू दे. तू लांब उभी राहा. काय झालं ते मला कळव.

तुझा,
आप्पा