तिसाव्या किलोमीटरनंतरचे धावणे

तुम्ही अर्धमॅरेथॉन दोनदा पूर्ण केली आहे, म्हणून पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर म्हणजे केवळ तिची दुप्पट, असे कृपया मानू नका. स्नायूंत आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने ऊर्जेसाठी राखून ठेवलेली साखर, बहुतेकांच्या बाबतीत तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, आणि मग पाय शिशासारखे जड होतात व साधा हिशेबही सुचेनासा होतो. पहिल्या शर्यतीत पहाटेच्या गारव्यात मी नको तितका वेगाने धावलो. पुढे चौतिसाव्या किलोमीटरला बुटाची सुटलेली नाडी बांधायला वाकलो, तर मला गाठच मारता येईना.

म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या. धावताना घ्यायचे गोड जेल मानवत नसेल तर केळे, खजूर किंवा गूळ चालेल, मात्र त्याची सवय रविवारच्या लांब धावेतच करून घ्या. पाणी तहानेप्रमाणे घोटघोट प्या. नुसते पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते, आणि हा धोका जिवावर बेतू शकतो.

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतील झाडांची सावली सरावाला सुखाची असली, तरी महिन्यातून एकदा येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ धावेच्या शेवटी ठेवा, म्हणजे थकलेल्या पायांनी छोटी, भरभर पावले टाकण्याची सवय लागेल. शर्यतीत शेवटी चालावे लागले तर खुशाल चाला. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर मात्र तिथेच थांबून मदत मागा.