ब्रेकचे पेडल मऊ लागते तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे चौदा वर्षांपूर्वीची डिझेल पिकअप आहे. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. भाजीपाला आणि सोयाबीन भरून मी मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला जातो. वर्षभरापासून ब्रेकचे पेडल मऊ लागते. पहिल्या दाबाला ते अर्ध्याच्या खाली जाते आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबले की वर येऊन ब्रेक लागतो. गॅरेजमध्ये नवा मास्टर सिलेंडर (पेडल दाबले की ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलणारा भाग) बसवला, दोनदा नळ्यांतली हवा काढली, तरी फरक पडला नाही. आता बूस्टर बदलावा असे सांगितले जात आहे. बदलावा का?
— एक वाचक, केज तालुका, जि. बीड

उत्तर : बूस्टरवर सध्या एक रुपयाही खर्च करू नका. बूस्टरचे काम पायाच्या जोराला मदत करण्याचे असते, त्यामुळे तो निकामी झाला तर पेडल दगडासारखे कडक होते, मऊ होत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटचा दाब तसाच धरून ठेवा आणि गाडी सुरू करा. सुरू होताच पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर आणि त्याला निर्वात पुरवणारा पंप दोन्ही काम करीत आहेत असे समजावे.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे दुसऱ्या दाबाला पेडल वर येते ही. मऊ पेडल हा एकच आजार नाही. पेडल स्प्रिंगसारखे दबून परत उसळत असेल तर नळ्यांत हवा राहिलेली असते किंवा रबरी होज पाईप फुगत असतात. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू तळाशी जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरमधील रबरी वॉशर आतल्या आत ऑइल सोडत आहेत. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्याला वर येणारे आणि वर आल्यावर टणक लागणारे पेडल मात्र बहुतेक वेळा मागच्या ड्रमकडे बोट दाखवते. तेथे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात, म्हणून पहिल्या दाबाचे ऑइल ते अंतर भरून काढण्यातच संपते आणि ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतो.

याची परीक्षा घरच्या अंगणात, सपाट जागी, चाकांना दगड लावून करता येते. हँडब्रेक मागच्याच लायनरवर चालत असेल तर तो तीन-चार दाते ओढा आणि मग पेडल दाबून पाहा. पेडल एकदम उंच आणि घट्ट लागले तर दोष मागच्या लायनरच्या अंतरात आहे, मास्टर सिलेंडरमध्ये नाही. माझा अंदाज आहे की आपल्या गाडीत हेच घडेल.

मग मागची चाके एकेक करून उचलावीत आणि गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. हँडब्रेकची केबल आधी पूर्ण सैल करावी. ड्रमच्या मागच्या पत्र्याला एक लहान छिद्र असते, त्यातून स्क्रूड्रायव्हरने आतले दातेरी चाक फिरवत राहावे. गाडीचे चाक हाताने फिरेनासे झाले की दातेरी चाक थोडे मागे घ्यावे, इतके की चाक मोकळे फिरेल पण कानाला लायनर ड्रमवर हलकेच घासल्याची खसखस ऐकू येईल. नवीन गाड्यांत हे अंतर आपोआप भरून निघण्याची सोय असते खरी, परंतु शेतरस्त्याच्या काळ्या चिखलातून वर्षानुवर्षे गेलेल्या पिकअपमध्ये ते दातेरी चाक गंजून जागीच बसलेले आढळते. तसे असेल तर ड्रम काढून ते साफ करावे. ड्रम काढलाच आहे तर व्हील सिलेंडरचे, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या लहान सिलेंडरचे, रबरी टोपण बोटाने किंचित मागे करून पाहा. आत ओल दिसली तर तो सिलेंडर गळतो आहे. आतली काळी भुकटी मात्र हवेच्या प्रेशरने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो श्वासातून जाणे घातक आहे.

आता हवा काढण्याविषयी. दोनदा काढूनही उपयोग झाला नाही, याला दोन कारणे असू शकतात. नवा मास्टर सिलेंडर बसवण्यापूर्वी व्हाइसमध्ये धरून त्यातील हवा काढावी लागते. ते केले नसेल तर चाकांकडून कितीही प्रयत्न करा, एखादा बुडबुडा वर अडकून राहतो. दुसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच पिकअपच्या हौद्याखाली भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. चॅसिस उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, तो मागे जाणारे ऑइल आवळतो आणि मागची हवा जागच्या जागी राहते. म्हणून हवा काढताना चाके जमिनीवर असावीत किंवा घोडी ॲक्सलखाली असावी. आपल्याकडे स्टिअरिंग आणि मास्टर सिलेंडर उजवीकडे असल्यामुळे मागचे डावे चाक सर्वांत लांब पडते. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला नसेल तर तेथून सुरुवात करून मागचे उजवे, पुढचे डावे आणि पुढचे उजवे असे यावे. पेडल सावकाश दाबावे, निप्पल (चाकाजवळचा हवा सोडण्याचा स्क्रू) बंद झाल्याशिवाय पाय उचलू नये आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतील ऑइल खालच्या खुणेच्या वर ठेवावे. जुना मास्टर सिलेंडर असलेल्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, कारण पेडल एरवी न पोहोचणाऱ्या तळापर्यंत दाबले तर वॉशर गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात.

दोनदा दाबून ब्रेक लावण्याची सवय आपल्या भागातील कित्येक चालकांनी अंगवळणी पाडून घेतली आहे आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. दुसऱ्या दाबाला अर्धा सेकंद लागला तरी ब्रेक लागण्याआधीच ७ मीटर निघून जातात. कृपया दुरुस्ती होईपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नका. दुरुस्तीनंतरही ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : माझी पिकअपही जुनी आहे. पेडल स्प्रिंगसारखे मऊ लागते. डॉट ४ ऑइल घातल्याने किंवा मोठा मास्टर सिलेंडर बसवल्याने ते कडक होईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : थंड गाडीत डॉट ३ आणि डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रतींमुळे पेडलमध्ये फरक जाणवत नाही. फरक उष्णतेत आहे. ताजे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते आणि डॉट ४ किमान २३० अंशांना. मात्र हवेतील ओलावा शोषल्यानंतर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतात. उकळलेल्या ऑइलची वाफ दबते आणि घाटाच्या पायथ्याशी पेडल अचानक तळाला जाते. आपल्या टाकीतील ऑइल काळ्या चहाच्या रंगाचे झाले असेल तर ते सगळे बदला आणि दर दोन वर्षांनी बदलत राहा. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालते. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते मिसळू नये. इंजिन ऑइल तर थेंबभरही जाऊ देऊ नये, कारण त्याने सगळे रबर फुगते.

मोठ्या मास्टर सिलेंडरने पेडल कडक आणि उंच लागेल, पण ब्रेक कमी लागेल. व्यास २० ऐवजी २२ मिलिमीटर केला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, म्हणजे पायाचा जोर तेवढाच असताना ऑइलचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. असा बदल करू नये. त्याऐवजी कोणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि आपण रबरी होज पाईप मुठीत धरा. तो मुठीत फुगत असल्याचे जाणवले किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर सगळे होज एकदमच बदला आणि मग हवा काढा.